पोलिस कारवाईआधीचा वग आणि आपला आकडा

सप्टेंबर लागला की आमच्या शहरात सिद्धार्थ उद्यानातल्या मुक्तिसंग्राम स्मृतिस्तंभाची साफसफाई सुरू होते. १७ तारखेला सकाळी झेंडा, मानवंदना, पुढाऱ्यांची भाषणे आणि मराठवाड्याच्या मागासलेपणावर ठरलेले अश्रू. २०२३ मध्ये तर अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने अख्खे मंत्रिमंडळ इथे बैठकीला आले होते. या वेळी आमच्या वस्तीतल्या पोरापोरींनी या विषयावर पथनाट्य बसवायचे ठरवले. संहिता त्यांनीच लिहिली. पात्रे अशी: निजाम, कासिम रझवी, सरदार पटेल, स्वामी रामानंद तीर्थ, चार रझाकार, चार जवान. विहाराच्या ओट्यावर वाचन झाले आणि बारावीतल्या एका मुलीने विचारले, "दादा, याच्यात आपण कुठंयत?"

"गर्दीत," एक जण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "नाहीतर आपल्याला रझाकारात टाकतेत बघ."

सगळे हसले. आम्हाला हसू आले नाही. कारण हा विनोद त्या पोराने केलेला नाही. तो गावोगावच्या पारावर पंचाहत्तर वर्षांपासून केला जातो आणि दर भांडणात आपल्या तोंडावर फेकला जातो. दुसरीकडे अलीकडे मोबाईलवर उलटाच इतिहास फिरतो: निजाम हा दलितांचा कैवारी होता, त्याने आपल्याला पैसा दिला, जमीन दिली, मंत्रिपद दिले. आमचे म्हणणे असे की ही दोन्ही वाक्ये एकाच कारखान्यातली आहेत. दोन्हींत आपण माणूस नाही, आकडा आहोत. हा आकडा कसा तयार झाला हे समजायचे असेल तर १३ सप्टेंबर १९४८ ला रणगाडे आत शिरले त्याआधीचे पंधरा महिने पाहावे लागतात. लढाई पाच दिवसांची. तिच्या आधीचा कारभार मात्र असा की भीमराव कर्डकांच्या जलशाला त्यातून चार वग सहज मिळाले असते.

जून १९४७ मध्ये सातव्या निजामाने, मीर उस्मान अलीने, फर्मान काढले: हैदराबाद भारताच्या घटना समितीत जाणार नाही, पाकिस्तानच्याही नाही. इंग्रज गेले की आपण स्वतंत्र. राज्याची लोकसंख्या १९४१ च्या जनगणनेनुसार सुमारे १ कोटी ६३ लाख, चारी बाजूंनी भारत, समुद्र कुठेच नाही. पण हुजुरांना कोण सांगणार? सल्ला द्यायला होते सर वॉल्टर मॉन्क्टन. हे तेच बॅरिस्टर, ज्यांनी इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड गादी सोडताना त्याला सल्ला दिला होता. राजाला गादीवरून सुखरूप उतरवण्याचा अनुभव असलेला माणूस निजामाने गादी टिकवण्यासाठी नेमला होता. इथपासूनच वगाची सुरुवात धरायला हरकत नाही.

ऑक्टोबरमध्ये दिल्लीशी 'जैसे थे' कराराचा मसुदा ठरला. निजामाच्या कार्यकारी मंडळाने बहुमताने तो मान्य केला. पंतप्रधान छतारीचे नवाब, मॉन्क्टन आणि सर सुलतान अहमद हे तिघे तो घेऊन दिल्लीला जाणार होते. निजाम म्हणाला, सही उद्या करतो. उद्या म्हणाला, जाण्याआधी करतो. २७ ऑक्टोबरच्या पहाटे तीनच्या सुमारास इत्तेहादुल मुसलमीनच्या हजारोंच्या जमावाने या तिघांच्या घरांना वेढा घातला. प्रतिनिधी विमानतळावर जाऊच शकले नाहीत. राजधानीत, राजाच्या पंतप्रधानाच्या दारात हा प्रकार चालू आणि राजाचे पोलिस बघत उभे. आता हजारो माणसे पहाटे तीनला पोलिसांच्या नकळत जमतात का, हे कोणत्याही मोर्चेकऱ्याला विचारा. आम्हाला चौकात वीस जणांनी उभे राहायचे म्हटले तर आदल्या रात्री नोटीस येते.

छतारींनी राजीनामा दिला. नवे शिष्टमंडळ दिल्लीला गेले, महिनाभर घासाघीस झाली आणि २९ नोव्हेंबर १९४७ ला सही झाली ती जवळजवळ त्याच मसुद्यावर. ज्या कागदासाठी जमाव आणला, तोच कागद महिन्याभराने स्वीकारला. मधल्या काळात बदलले ते एवढेच की कारभाराची दोरी मीर लायक अली या उद्योगपतीच्या आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कासिम रझवीच्या हाती गेली. रझवी हा आपल्या लातूरचा वकील. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या त्याच्या गर्जना वर्तमानपत्रांतून गाजल्या. त्या गर्जनांची किंमत लातूर, उमरगा, नांदेडकडच्या खेड्यांनी मोजली. 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनीही ती मोजली. रझाकारांवर लिहितात म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रस्त्यावर त्यांचा खून झाला. मुसलमान म्हणजे रझाकार असे म्हणणाऱ्यांनी हे नाव पाठ करावे.

करार वर्षभराचा होता. दोन्ही बाजूंनी तो पहिल्या आठवड्यापासूनच मोडायला घेतला आणि दोन्ही बाजू एकमेकांना करारभंगाची पत्रे लिहीत राहिल्या. हैदराबादने भारतीय चलन बेकायदा ठरवणारा वटहुकूम काढला, सोने-चांदी भारतात नेण्यास बंदी घातली आणि पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज दिले, तेही भारत सरकारच्या रोख्यांत. म्हणजे दिल्लीच्याच हुंडीवर दिल्लीच्या शेजाऱ्याला उसनवारी. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानांतून शस्त्रे आणून उतरवत होता. दिल्लीचे म्हणणे होते की आम्ही कसलीही नाकेबंदी केलेली नाही. प्रत्यक्षात सीमेवर पेट्रोल, मीठ, औषधे अडकत होती आणि विचारले की उत्तर मिळे, हे प्रांतातल्या अधिकाऱ्यांनी केले असेल. निजामाची साडेसाती संपावी असे सगळ्यांनाच वाटत होते. पण मिठाची वाट बघत बसलेल्या गावकुसाबाहेरच्या बाईला या पत्रव्यवहाराची नक्कल कोणी दिली नाही.

भारताचे एजंट जनरल म्हणून कन्हैयालाल मुन्शी जानेवारी १९४८ मध्ये हैदराबादेत आले. निजाम सरकारने त्यांना जुन्या रेसिडेन्सीत राहू दिले नाही. रेसिडेन्सी दिली तर रेसिडेंट आल्यासारखे दिसेल ना! मग ते बोलारमला राहिले आणि तिथून दिल्लीला खलिते पाठवत राहिले. जूनमध्ये माउंटबॅटन जाण्याआधी आणखी एक मसुदा झाला, हैदराबादला भरपूर सवलती देणारा. आजारी पटेलांना गळ घालून त्यावर संमती मिळवली गेली. निजामाने तोही नाकारला. हैदराबादचे सेनापती एल इद्रूस यांना आपल्या फौजेची कुवत ठाऊक होती. भारताने चढाई केली तर आपण फार तर काही दिवस टिकू हे त्यांनी वरच्यांना सांगितले होते. तरी कारभारी मंडळी संयुक्त राष्ट्रसंघाच्या अर्जाची भाषा दुरुस्त करत बसली होती.

दिल्लीत वेगळाच पेच होता. 'युद्ध' म्हटले तर समोर परका देश आहे असे कबूल होते. म्हणून शब्द शोधला: 'पोलिस कारवाई'. पोलिस, ज्यांच्याकडे चिलखती डिव्हिजन आहे आणि वर विमाने आहेत. सैनिकी कागदांत नाव 'ऑपरेशन पोलो'. ११ सप्टेंबरला जीना वारले, १३ ला सोलापूरकडून फौजा नळदुर्गच्या दिशेने शिरल्या. दोन-तीन दिवसांत औरंगाबाद पडले. १६ ला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषद हैदराबादची तक्रार ऐकायला बसली आणि भारताचे प्रतिनिधी रामस्वामी मुदलियार यांनी मुद्दा काढला की हैदराबादला तक्रार करण्याचा अधिकारच नाही. तक्रारदार हा तक्रारदार आहे का, यावर पॅरिसमध्ये खल सुरू झाला आणि १७ ला तक्रारदाराने इकडे शरणागती जाहीर केली. ज्या मुन्शींना रेसिडेन्सीत पाऊल ठेवू दिले नव्हते, त्यांच्याच सल्ल्याने हुजूर हैदराबाद रेडिओवर बोलले आणि पुढे २२ तारखेच्या तारेने संघातली तक्रार मागे घेतली.

इथपर्यंतचे सगळे थोड्याफार फरकाने पुस्तकांत सापडते. आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ.

पॅरिसला गेलेल्या निजामाच्या शिष्टमंडळात मोईन नवाज जंग यांच्यासोबत एक दलित पुढारी होता: बी. श्यामसुंदर. जन्म १९०८, आपल्या औरंगाबादचा. हैदराबादच्या डिप्रेस्ड क्लासेस असोसिएशनचा नेता, उत्तम वक्ता, उर्दू-इंग्रजीवर हुकमत असलेला. लायक अलीच्या मंत्रिमंडळात बी. एस. वेंकटराव हे दलित मंत्री होते आणि दलितांच्या शिक्षणासाठी एक कोटी रुपयांचा निधी त्यांच्या काळात ठेवला गेला. काही ठिकाणी गायरान-पडीक जमिनी आपल्या माणसांना कसायला मिळाल्या. हे खरे आहे आणि ते लपवण्यासारखे काही नाही. गावात पाणवठा बंद, वतनाची वेठ चालू, आणि सवर्ण हिंदूंच्या चळवळीत आपल्याला स्वराज्यानंतर बघू असे उत्तर. अशा वेळी हैदराबादचा दरबार दार उघडत असेल तर माणूस आत जाईल. श्यामसुंदर यांना गद्दार म्हणणारा इतिहास आम्हाला मान्य नाही. याच माणसाने १९६८ मध्ये गुलबर्ग्यात भीमसेना उभी केली, पँथरच्या चार वर्षे आधी.

पण दार का उघडले गेले? कारण तेव्हाच्या हैदराबादेत सगळे राजकारण डोकी मोजण्याचे होते. मुसलमान सुमारे तेरा टक्के आणि विधिमंडळाच्या सुधारणांत हिंदू-मुसलमान जागा समसमान. ही बरोबरी टिकवायची तर हिंदूंच्या खात्यातून लाखो अस्पृश्य वजा करून दाखवणे इत्तेहादला सोयीचे होते. म्हणून धर्मांतराच्या मोहिमा. आणि तोच आकडा परत जमा करायचा म्हणून आर्य समाजाची शुद्धी. एका बाजूने कलमा, दुसऱ्या बाजूने होम. पाणवठ्याचे काय, हे दोन्हीकडच्या कार्यकर्त्यांना विचारायचे नाही. निजाम कैवारी होता म्हणणाऱ्यांना आमचा साधा प्रश्न: राज्याची साधारण चाळीस टक्के जमीन सर्फेखास आणि जहागिरींत अडकलेली असताना कैवाऱ्याने आपल्या खाजगीतली किती एकर आपल्याला दिली? दिले ते गायरान, म्हणजे गावाचे. त्यातून भांडण लागले ते आपले आणि गावाचे. जहागीरदाराचे नाही.

बाबासाहेबांनी हा डाव ओळखला होता. मराठवाड्यातली आपली माणसे ते फार आधीपासून बांधत होते: ३० डिसेंबर १९३८ ला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूरची परिषद, भाऊसाहेब मोरे यांनी घडवलेली, १९४१ मध्ये कसबे तडवळ्याची महार-मांग वतनदार परिषद. २७ नोव्हेंबर १९४७ ला, म्हणजे जैसे थे करारावर सही होण्याच्या दोनच दिवस आधी, भारताचे कायदामंत्री असताना त्यांनी निवेदन काढले. त्याचा आशय असा: हैदराबादच्या अस्पृश्यांनी कोणत्याही परिस्थितीत निजाम आणि इत्तेहादच्या बाजूला जाऊ नये; सवर्ण हिंदूंचा राग आहे एवढ्यावरून इत्तेहादला मित्र समजू नये; सोय म्हणून धर्मांतर करू नये; आणि ज्यांच्यावर ते लादले गेले त्यांना आपण आधीसारखेच आपले मानू.

तारीख पुन्हा वाचा. दिल्लीतले आणि हैदराबादचे मुत्सद्दी स्वल्पविरामांवर भांडत होते, त्या आठवड्यात बाबासाहेब मात्र लढाई संपल्यानंतर आपल्या माणसाचे गावात काय होईल याचा विचार करत होते. काही जण आज हे निवेदन मुसलमानविरोधी म्हणून नाचवतात. आम्हाला ते तसे वाटत नाही. त्यातला मुद्दा राजवटीचा आहे. लोकांचे राज्य नाकारणारा राजा आपल्याला खुर्ची देत असेल, तर तो आपल्याला ढाल म्हणून पुढे करतो आहे. ढाल कोणाच्याही हातात असली तरी वार तिच्यावरच पडतो. हैदराबादच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमधल्या आपल्या लोकांनी हीच भूमिका धरली. त्यांना इत्तेहादचा त्रास झाला आणि स्टेट काँग्रेसच्या इतिहासात जागाही मिळाली नाही. रझाकारांविरुद्ध उभे राहिलेले दलित कोणाच्याच पथनाट्यात नसतात.

आणि कारवाईनंतर? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिसरी यांची समिती नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये नऊ जिल्हे फिरली. तिचा अंदाज: पोलिस कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, बहुतांश मुसलमान. सर्वांत भीषण उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड. औरंगाबाद, बीड, नलगोंडा, मेदक या चार जिल्ह्यांत मिळून किमान पाच हजार. हा अहवाल सरकारने अनेक दशके प्रसिद्धच केला नाही. मेलेले बहुतेक विणकर, मजूर, छोटे शेतकरी, म्हणजे ज्यांना लायक अलीच्या बंगल्याचा रस्ताही माहीत नव्हता. त्याच लाटेत कित्येक गावांत आपल्याही घरांवर हल्ले झाले, 'तुम्ही रझाकारांचे' म्हणून. गायरानावरचे पीक मोडले गेले. शिक्का तिथे बसला.

वरच्यांचे काय झाले तेही बघा. मीर उस्मान अली २६ जानेवारी १९५० ला हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ मध्ये राज्य मोडेपर्यंत राहिला. शिवाय वर्षाला पन्नास लाखांचा तनखा. लायक अली १९५० मध्ये नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात पोहोचला. रझवी १९५७ मध्ये तुरुंगातून सुटला आणि तोही तिकडे गेला. निजामाला कोणी रझाकार म्हटले नाही. ते नाव उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एखाद्या मांगवाड्याला मिळाले, ज्याने रझाकारांची वेठही केली होती आणि नंतर गावाचा मारही खाल्ला होता.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. जी मंडळी सप्टेंबरात निजामाच्या नावाने बोटे मोडतात, तीच मंडळी २०२५ च्या सप्टेंबरात निजामाच्या हैदराबाद गॅझेटमधल्या नोंदींसाठी शासन निर्णयाची वाट पाहत होती. आमची त्याबद्दल तक्रार नाही, जुना कागद पुरावा असतो. मग गायरानाच्या नोंदींना का नसतो, एवढेच विचारायचे आहे.

बाबासाहेब पोलिस कारवाईनंतर दोन वर्षांच्या आत इथे आले ते कॉलेज काढायला. १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय औरंगाबादेत सुरू झाले, १ सप्टेंबर १९५१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, पुढे ते मिलिंद झाले. दलित शिक्षणासाठी ठेवलेल्या त्या हैदराबादी निधीतून सोसायटीने कर्जही घेतले. निजामाची बाजू घेऊ नका म्हणणाऱ्या माणसाने निजामी काळातला निधी वापरला, यात विसंगती शोधणाऱ्यांनी शोधावी. तो पैसा निजामाच्या घरचा नव्हता, रयतेचा होता. कर्ज घेतले आणि त्यातून आमच्या आजोबांच्या पिढीची पोरे शिकली. १९५३ मध्ये मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तो याच गायरानांसाठी. आणि १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्याच्या अस्मितेचे कारण सांगून विरोध करणाऱ्यांत मुक्तिसंग्रामाचे मोठे नेते गोविंदभाई श्रॉफही होते. ज्यांनी निजामाला हटवले त्यांच्या मराठवाड्यात आपण बसत होतो का, याचे उत्तर त्या जुलैत जळालेल्या घरांनी दिले. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

पोरांनी संहिता पुन्हा लिहिली आहे. रझवीची गर्जना कमी केली, दोन कारकून वाढवले. एक हैदराबादचा, एक दिल्लीचा. दोघे मंचाच्या दोन टोकांना बसून एकाच ओळीतल्या माणसांची डोकी मोजतात आणि प्रत्येक वेळी बेरीज वेगळी येते. श्यामसुंदर आहेत, भाऊसाहेब मोरे आहेत, शोएबुल्ला खान आहेत. बाबासाहेबांचे निवेदन ती बारावीतली मुलगी वाचते. शेवटचा प्रवेश १९५३ चा: एक म्हातारी गायरानाची जुनी पावती घेऊन चावडीवर येते. सगळी पात्रे वाटून झाली. तलाठ्याचे काम करायला मात्र अजून कोणी तयार नाही. ज्याला ते देऊ केले, त्या पोराच्या घरची गायरानाची केस अजून तहसीलात पडून आहे, तो म्हणतो, "मला म्हातारीच द्या, पाठ आहे."